पेज दुकानाचं, आयडी कर्मचाऱ्याची : मार्केटिंग एजन्सीत सोशल मीडिया कसा चालतो

मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून, म्हणजे यवतमाळातून, सॉफ्टवेअर लिहितो. गावात एकदा ‘याला कॉम्प्युटरचं कळतं’ असं नाव झालं की प्रिंटरपासून फेसबुकपर्यंत सगळं आपल्याच दारात येतं. दिवाळीच्या आठवडाभर आधी एका ओळखीच्या एजन्सीवाल्याचा फोन आला. “भाऊ, पेज गेलं ना बाप्पा. साडीवाल्याचं पेज. वीस हजाराच्या वर फॉलोअर होते.”

मला वाटलं हॅक झालं असेल. पण तसं काहीच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एजन्सीत नवीन लागलेल्या एका मुलीला मालकाने सांगितलं होतं, “तुझ्या आयडीवरून पेज बनवून टाक.” तिने बनवलं, वाढवलं, रोज सांभाळलं. मग नोकरी सोडली. शेवटच्या महिन्याचा पगार मालकाने अडवून ठेवला, ‘आधी पेज हँडओव्हर कर’ म्हणून. ती म्हणाली, आधी पगार द्या. दोन महिने असेच गेले आणि ऐन सीझनमध्ये साडीवाल्याला स्वतःच्याच पेजवर ऑफर टाकता येईना. दुकानदाराला तोवर हेही माहीत नव्हतं की आपलं पेज आपल्या नावावर नाही.

त्या आठवड्यात मी त्या ऑफिसमध्ये बराच वेळ बसलो आणि माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न पासवर्डचा कमी आणि ऑफिसच्या सवयींचा जास्त आहे. कोण कुणाच्या अकाऊंटवरून लॉगिन करतं यावरून त्या एजन्सीत कोण कुणावर किती विश्वास ठेवतं, कुणाची सुट्टी खरी असते, कुणाचा फोन कधीच स्वतःचा नसतो, हे सगळं कळतं. म्हणून हा लेख. एजन्सी चालवणाऱ्यांना, तिथे काम करणाऱ्यांना आणि एजन्सीला काम देणाऱ्या दुकानदारांना, तिघांनाही उपयोगी पडावा.

छोट्या गावातली एजन्सी

मुंबई-पुण्यातल्या एजन्सीत क्लायंट सांभाळणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, जाहिरातीचा पैसा लावणारा वेगळा. यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा अशा ठिकाणी पाच-सहा जणांचं ऑफिस असतं. दोन जण डिझाइन करतात, एक जण रील एडिट करतो, एक-दोन मुली ‘सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह’ या नावाखाली बाकी सगळं करतात आणि मालक क्लायंटकडे फिरतो. क्लायंट म्हणजे साड्यांचं दुकान, कोचिंग क्लास, कृषी सेवा केंद्र, प्लॉट विकणारे, एखादं हॉस्पिटल.

कामाचा मोठा हिस्सा दिनविशेषाचा. प्रत्येक सणाला आणि जयंतीला प्रत्येक क्लायंटच्या लोगोचं ग्राफिक जायलाच पाहिजे. शिवजयंती १९ फेब्रुवारीला आणि काहींची पुन्हा तिथीनुसार. १ जुलैला वसंतराव नाईकांची जयंती, म्हणजे कृषी दिन. नाईक साहेब पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात त्या दिवशी कृषी सेवा केंद्राची पोस्ट चुकून चालत नाही. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पंधरा क्लायंट असतील तर एका रात्रीत पंधरा ग्राफिक पंधरा पेजवर टाकायची, तीही बहुतेक वेळा एकाच मुलीच्या एकाच फोनवरून. फोटो चुकला किंवा एकाचा लोगो दुसऱ्याच्या पेजवर गेला, तर सकाळी सात वाजता फोन वाजतोच.

पेज आणि प्रोफाइल यातला फरक

फेसबुक पेजला स्वतःचं लॉगिन नसतं, इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पेज चालवायला कुणाची तरी वैयक्तिक प्रोफाइल लागते. ती प्रोफाइल त्या माणसाची असते, कंपनीची नाही. फेसबुकच्या अटींनुसार एका माणसाने एकच वैयक्तिक अकाऊंट ठेवायचं, पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही आणि परवानगीशिवाय अकाऊंट दुसऱ्याच्या नावे करायचं नाही. म्हणजे मालक जेव्हा “तुझा पासवर्ड देऊन जा” असं म्हणतो, तेव्हा तो तिच्या घरच्यांचे फोटो, मैत्रिणींचे मेसेज आणि पेज हे सगळं एकत्र मागत असतो. अशी मागणी चुकीची आहे, आणि तिची गरजही नाही, कारण पेजचा ताबा प्रोफाइल न देता वेगळा देता येतो.

पेजवर ताबा साधारण दोन प्रकारचा. एक पूर्ण नियंत्रण. असा माणूस पोस्ट टाकू शकतो, दुसऱ्यांना जोडू शकतो, काढूनही टाकू शकतो, अगदी मूळ मालकालासुद्धा. दुसरा मर्यादित ताबा, म्हणजे फक्त मेसेजना उत्तर देणं, फक्त जाहिराती लावणं, फक्त आकडे बघणं अशी कामं नेमून देणं. आपल्याकडे काय होतं, तर पेज बनवणाऱ्या एकट्याकडे पूर्ण नियंत्रण आणि बाकी सगळे त्याच्याच फोनवर अवलंबून. दुकानदार, म्हणजे ज्याचं पेज आहे तो, यादीत कुठेच नाही.

‘ऑफिसची आयडी’

यावर बऱ्याच एजन्सींनी एक जुगाड शोधला आहे. एक नवीन सिम घ्यायचं, काल्पनिक नावाने प्रोफाइल काढायची, डीपीला गुलाबाचं फूल लावायचं आणि सगळ्या क्लायंटची पेजं तिच्यावर टांगायची. पासवर्ड सगळ्यांना माहीत. ओटीपी आला की “अरे ओटीपी सांग रे” असं ओरडायचं.

चालतं तोवर छान वाटतं. पण अशी प्रोफाइल फेसबुकच्या नजरेत खोटी असते. वेगवेगळ्या फोनवरून लॉगिन, मित्र नाहीत, दिवसभर फक्त जाहिराती. कधीतरी सिस्टीम तिला अडवते आणि ओळखपत्र मागते. गुलाबाच्या फुलाचं आधार कार्ड कुठून आणणार? प्रोफाइल गेली की तिच्यावर टांगलेली सगळी पेजं एका झटक्यात अनाथ. दुकानाची कागदपत्रं जोडून ताबा मागायची सोय आहे, पण त्यात वेळ जातो आणि पेज परत मिळेलच याची खात्री नसते. वरून ओटीपी ज्या सिमवर येतो त्या सिमचा रिचार्ज संपून ते बंद पडल्याचीही उदाहरणं मी पाहिली आहेत. हसू येतं, पण ज्याचं पेज जातं त्याला येत नाही.

आणखी एक गोष्ट. सगळ्यांचं एकच लॉगिन असेल तर चूक कुणी केली हे कधीच कळत नाही. मग ऑफिसमध्ये संशय सुरू होतो. ‘मी नाही टाकली ती पोस्ट’ हे खरं असलं तरी सिद्ध करता येत नाही, आणि बोलणी सहसा सगळ्यात ज्युनिअरला बसतात.

योग्य रचना कशी असते

यासाठी मेटाने बिझनेस पोर्टफोलिओ नावाची सोय दिली आहे. पूर्वी याला बिझनेस मॅनेजर म्हणायचे. तिला धंद्याची तिजोरी समजा. पेज, इन्स्टाग्राम, जाहिरातीचं अकाऊंट या सगळ्या वस्तू तिजोरीत राहतात आणि माणसांना फक्त किल्ल्या दिल्या जातात.

महत्त्वाचं हे की तिजोरी क्लायंटची पाहिजे. दुकानदाराने स्वतःच्या प्रोफाइलवरून पोर्टफोलिओ काढायचा, त्यात पेज घ्यायचं. एजन्सीने आपला वेगळा पोर्टफोलिओ काढायचा. मग दुकानदार एजन्सीचा पोर्टफोलिओ क्रमांक टाकून तिला ‘पार्टनर’ म्हणून जोडतो आणि कोणतं काम करता येईल ते ठरवतो. पुढे एजन्सी आपल्या माणसांना त्यांच्या त्यांच्या प्रोफाइलने आत घेते. यात कर्मचाऱ्याची वैयक्तिक प्रोफाइल वापरली जातेच, पण तिथे ती फक्त हजेरीसारखी असते. मालकाला तिचे मेसेज दिसत नाहीत, तिचा पासवर्ड लागत नाही. ती सोडून गेली तर एका ठिकाणाहून नाव काढलं की सगळ्या क्लायंटच्या पेजवरून ती एकदम बाहेर. एजन्सीच बदलायची असेल तर दुकानदार पार्टनर काढून टाकतो, पेज जागेवरच राहतं.

पूर्ण नियंत्रण किमान दोन माणसांकडे ठेवा. एकाचा फोन विहिरीत पडला तर दुसरा पाहिजे. दुहेरी पडताळणी प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर लावायची, आणि शक्यतो एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपने.

एजन्सीवाले इथे कचरतात, ते उघड बोलत नाहीत. पेज आपल्या हातात असलं की क्लायंट सोडून जात नाही, असा हिशोब असतो. माझ्या मते हा आखूड हिशोब आहे. जी एजन्सी क्लायंटला पेज ओलीस ठेवून टिकवते, तिचा कर्मचारी उद्या तिलाच तसं टिकवतो. साडीवाल्याच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

बाकीच्या ठिकाणचं थोडक्यात सांगतो. इन्स्टाग्रामचं व्यावसायिक अकाऊंट पोर्टफोलिओला जोडलं की कर्मचारी मेटा बिझनेस सूटमधून पोस्ट टाकू शकतात, इन्स्टाचा पासवर्ड गावभर फिरवावा लागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसला एका नंबरवर मूळ फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, म्हणून दुकानाचा नंबर दुकानाच्याच फोनमध्ये ठेवायचा. मात्र तो फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं बाहेर पडतात. गुगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलला मुख्य मालक एकच असतो, बाकी मालक किंवा व्यवस्थापक. नव्याने जोडलेल्याला सगळे अधिकार वापरण्याआधी सात दिवस थांबावं लागतं, त्यामुळे हे काम दिवाळीच्या आदल्या दिवशी काढू नका. यूट्यूबवरही चॅनेलचा पासवर्ड न देता एडिटर म्हणून माणूस जोडता येतो.

एकाच फोनवर दोन माणसं

रचना नीट असली तरी एक धोका उरतो. स्वतःचं अकाऊंट आणि क्लायंटचं अकाऊंट एकाच फोनमध्ये असतं. बोट चुकलं की स्वतःचं मत क्लायंटच्या नावाने जगासमोर. अमेरिकेत २०११ मध्ये महिनाभराच्या आत अशा दोन चुका झाल्या, आणि दोन्ही ठिकाणी शेवट अगदी उलटा झाला.

फेब्रुवारीत अमेरिकन रेड क्रॉसच्या ट्विटर अकाऊंटवर बिअर पिण्याच्या बेताचं ट्विट गेलं. कर्मचारी बाईंना ते स्वतःच्या अकाऊंटवर टाकायचं होतं, एकत्र अकाऊंट सांभाळणाऱ्या हूटसूट या टूलमध्ये गडबड झाली. संस्थेने ट्विट काढलं, गंमतीत कबुली दिली की आम्ही शुद्धीत आहोत आणि गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या आहेत. लोक हसले, त्या बिअरच्या चाहत्यांनी उलट रेड क्रॉसला देणग्या दिल्या. त्या बाईंची नोकरी राहिली.

मार्चमध्ये क्रायस्लर या मोटार कंपनीच्या अकाऊंटवरून डेट्रॉइटच्या लोकांना गाडी चालवता येत नाही, असं शिवीसकट ट्विट गेलं. डेट्रॉइट म्हणजे अमेरिकेची मोटारनगरी. ते टाकणारा न्यू मीडिया स्ट्रॅटेजीज या एजन्सीचा कर्मचारी होता, त्यालाही वाटलं आपण स्वतःच्या अकाऊंटवर आहोत. एजन्सीने त्याला काढलं, आणि तरीही क्रायस्लरने एजन्सीचा करार पुढे वाढवला नाही.

शिवी आणि बिअर यात फरक आहे, मान्य. क्लायंटच्याच गावाला शिवी घालणं जड जाणारच. पण मूळ चूक एकच होती. इतकी छोटी चूक इतकी सोपी असेल तर बंदोबस्त माणसाचा करायचा की पद्धतीचा? आमच्याकडे शेवटी ठरलं की क्लायंटची पोस्ट फोनच्या ॲपमधून टाकायचीच नाही. बिझनेस सूटच्या प्लॅनरमध्ये लॅपटॉपवरून आधीच शेड्यूल करायची, आणि टाकणारा आणि तपासणारा वेगळा ठेवायचा.

तिसरा किस्सा ब्रिटनचा. एचएमव्ही ही कॅसेट-सीडीची जुनी दुकानसाखळी जानेवारी २०१३ मध्ये बुडायला आली होती. ३१ तारखेला मुख्य ऑफिसात साठ जणांना एकदम काढलं. आणि ते काढणं चालू असतानाच कंपनीच्या अधिकृत ट्विटर अकाऊंटवरून त्याचं थेट वर्णन सुरू झालं. त्यातच एक ट्विट होतं की मार्केटिंग डायरेक्टर विचारत आहेत, ट्विटर बंद कसं करायचं. मला यात त्या मुलीचा राग समजतो. पण शिकण्यासारखी गोष्ट ही की कंपनीने माणसं काढायचं ठरवलं, तेव्हा किल्ल्या कुणाकडे आहेत हे वरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

‘सगळ्यांनी फाइव्ह स्टार द्या’

आता उलटी बाजू. क्लायंटचं अकाऊंट कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये येतं तसं कर्मचाऱ्याचं अकाऊंट क्लायंटच्या कामाला जुंपलं जातं. ऑफिसच्या ग्रुपवर लिंक येते, ‘सर्वांनी लाइक, शेअर, स्टेटस ठेवा.’ मग, ‘हॉस्पिटलला गुगलवर फाइव्ह स्टार द्या, घरच्यांकडूनही द्या.’ स्टेटस ठेवलं की नाही हे पाहणारेही भेटतात.

ही साधी मदत वाटते, पण त्या रिव्ह्यूखाली नाव कर्मचाऱ्याचं असतं. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आस्की, हिची इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१ पासून लागू आहेत. त्यात जाहिरातदाराशी आर्थिक किंवा इतर संबंध असेल तर पोस्टवर तसं स्पष्ट लिहावं लागतं, आणि नोकरीचा किंवा नात्याचा संबंधही त्यात मोजला जातो. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. हा दंड जाहिरात करणाऱ्यावर तसा शिफारस करणाऱ्यावरही बसू शकतो.

उद्या यवतमाळातल्या एका रिव्ह्यूवर कुणी दहा लाख दंड करेल असं मी म्हणत नाही. पण जिथे कधी पाऊल ठेवलं नाही त्या हॉस्पिटलच्या उपचाराची तारीफ स्वतःच्या नावाने करायला सांगणं हे कामाच्या वर्णनात कुठेच नसतं, आणि ती वाचून कुणीतरी आपल्या आईला तिथे नेतं.

रात्रीचे अकरा चाळीस

एजन्सीतलं खरं ऑफिस व्हॉट्सॲपवर असतं. प्रत्येक क्लायंटचा एक ग्रुप. डिझाइन सहा वाजता टाकलं जातं, दुकानदार दुकान बंद करून, जेवून अकरा चाळीसला उत्तर देतो, ‘फोन नंबर मोठा करा.’ सकाळी सातला पोस्ट जायची असते. मग मुलगी अंथरुणात बसून नंबर मोठा करते. दुकानदाराचंही चुकत नाही, त्याला दिवसा गिऱ्हाइकातून वेळच नसतो.

निळी टिक हे यातलं मोठं दुखणं. वाचलं म्हणजे उत्तर आलंच पाहिजे. आणि टिक ही काही फक्त भावनेची गोष्ट नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली नोटीस पोचल्याचं मान्य केलं, कारण ती उघडली गेल्याचं खुणांवरून दिसत होतं. म्हणून ग्रुपवरचा ‘ओके’ जपून ठेवा, उद्या चूक कुणाची यावर वाद झाला तर तोच पुरावा. ग्रुप ॲडमिन असलेल्यांना एक दिलासा मात्र आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात सांगितलं की दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, सामाईक हेतू नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही.

कामाच्या वेळेचं काय? फ्रान्समध्ये कामानंतर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०१७ पासून आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी ‘राइट टू डिस्कनेक्ट’ नावाचं खासगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं, पण तो कायदा झालेला नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाच्या तासांची मर्यादा आहे, मात्र पूर्ण तरतुदी लागू होण्यासाठी किमान दहा कामगार लागायचे, आणि २०२५ मधल्या बदलाने ती संख्या वीसवर गेली. पाच-सहा जणांच्या आमच्या एजन्सी दोन्ही हिशोबांत बाहेरच. त्यामुळे इथे नियम ऑफिसलाच करावे लागतात. आमच्या ओळखीच्या या एजन्सीने केलेला नियम साधा आहे. आठनंतर आलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, आणि दिनविशेषाची ग्राफिक दोन दिवस आधी मंजूर. दोन क्लायंट नाराज झाले, एक सोडून गेला. बाकीचे सातच्या आत ‘ओके’ पाठवायला शिकले.

सोडून जाताना

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सोशल मीडिया वापराचं परिपत्रक काढलं. त्यावर टीका झाली ती सरकारवर बोलण्याच्या बंधनामुळे, आणि ती वाजवीच वाटते. पण त्यातल्या दोन गोष्टी कुठल्याही एजन्सीने उचलाव्यात. वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाऊंट वेगळं ठेवायचं, आणि बदली झाली की कार्यालयीन अकाऊंट रीतसर दुसऱ्याकडे सोपवायचं. खासगी ऑफिसात बदली म्हणजे राजीनामा. त्या दिवशी कोणत्या पेजवर कोणाचं नाव आहे याची यादी काढायची, नावं काढायची, आणि पगार वेळेवर द्यायचा. पगार आणि पासवर्ड यांची अदलाबदल करायची नाही. पगार हा केलेल्या कामाचा असतो.

साडीवाल्याच्या पेजचं काय झालं ते राहिलंच. मालकाला वाटत होतं मी काहीतरी तांत्रिक करीन. मी फेसबुकचा तक्रारीचा फॉर्म उघडला, दुकानाचं जीएसटीचं प्रमाणपत्र जोडलं, पाठवलं. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. मग मी मालकाला म्हटलं, “दादा, तिचा पगार किती आहे?” आकडा ऐकून मलाच लाज वाटली. त्या संध्याकाळी त्याने पैसे पाठवले, दोन महिने उशिराचे. रात्री तिने दुकानदाराच्या प्रोफाइलला पूर्ण नियंत्रण दिलं आणि स्वतःचं नाव काढून घेतलं. चार मिनिटं लागली. जाताना तिने शेड्यूल करून ठेवलेल्या धनत्रयोदशीच्या तीन पोस्ट तशाच ठेवल्या होत्या, त्या वेळेवर गेल्या.